पोत्यात काय ते निघंना

आठवीच्या पहिल्या दिवशी सर वर्गात आले ते स्टीलची पट्टी घेऊन. आम्हाला वाटलं, झालं, आता मार बसणार. सगळ्यांनी तळहात मांडीखाली दडवले. सर म्हणाले, "गणिताची पुस्तकं काढा. बाकावर पालथी घाला." मग एकेका बाकापाशी येऊन त्यांनी शेवटच्या पानांवर पट्टी दाबून धरली आणि टर्रकन! उत्तरसूची गेली. अख्ख्या वर्गाची गेली. नव्याकोऱ्या पुस्तकांना अजून कव्हरंसुद्धा घातली नव्हती हो आम्ही!

प्रत्येक पानावर ज्याचं त्याचं नाव लिहून सरांनी तो सगळा गठ्ठा पत्र्याच्या पेटीत टाकला. पेटीला कुलूप लावलं. मग आमच्याकडं पाठ करून, शर्ट वर करून, किल्ली करदोड्याला बांधली आणि वळून म्हणाले, "उत्तर मागं असतंच. पळून जात न्हाई. आधी आपण काढायचं. घाई कुणाला हाय?"

घाई आम्हाला होती. पण बोलतो कोण? घरी गेल्यावर आईनं पुस्तक बघितलं आणि विचारलं, "मास्तर हाय का कसाई?" बाबा दुसऱ्या दिवशी तावातावानं शाळेत गेले. अर्ध्या तासानं परत आले ते वहीवर एक गणित उतरवून घेऊन. रात्रीच्या जेवणापर्यंत ते त्यातच डोकं घालून बसले होते. पुढं त्यांनी सरांबद्दल तक्रारीचा शब्द काढला नाही.

वर्षाच्या शेवटी सर पेटी उघडायचे. एकेकाला नावानं पुढं बोलावून त्याची पानं परत द्यायचे, टेबलावर डिंकाची बाटली ठेवलेली असायची. पोरं उभ्याउभ्या पानं चिकटवायची आणि "सर, जुळलं! सर, ह्ये बी जुळलं!" असा नुसता गलका. सर मधोमध उभे राहून लग्नातल्या वरबापासारखे हसायचे. माझ्या वाट्याला मात्र तो दिवस आला नाही. दिवाळीतच बाबांची कंधारहून लातूरला बदली झाली, आमचं बिऱ्हाड टेंपोत चढलं आणि माझी पानं सरांच्या पेटीत तशीच राहिली.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी मराठीची शिक्षिका म्हणून नेमकी त्याच शाळेत रुजू झाले. स्टाफरूममध्ये पाऊल टाकलं तर कोपऱ्यात सर, सरांच्या टेबलाखाली तीच पत्र्याची पेटी. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मी वाकून नमस्कार केला. म्हणाले, "तू ती हौदाचं गणित अर्धं टाकून गेलेली न्हवं? सुटलं का?"

"नाही सर."

"सुटंल, सुटंल. बस. च्या घे."

आता तुम्हाला वाटेल, हे पानं फाडणं म्हणजे शिस्तीचा भाग असेल. शिस्त कसली डोंबलाची! माणूसच तसा होता. क्रिकेटची मॅच चालू असली की सर कानात बोटं घालून बाजारातून जायचे, कारण पहिला डाव ऐकून निकाल काढायचा त्यांना नाद होता आणि पानटपरीवरचा एखादा ओरडून सांगेल ही धास्ती. भाचीच्या लग्नाची पत्रिका आली तर तारीख बघायच्या आधी त्यांनी ती काकूंच्या, म्हणजे आपल्या बायकोच्या, हातात दिली आणि पाहुण्यांचा शेताचा हंगाम, मुलाची रजा आणि पंचांगातले मुहूर्त यांवरून तारीख काढली. एक दिवस चुकली. काकू लग्नाला गेल्या, सर दुसऱ्या दिवशी गेले आणि मांडव सोडणाऱ्या माणसांना आहेर देऊन आले.

पण कळस म्हणजे एसटी. सर एसटीची पाटी वाचत नसत. "पाटी वाचायची म्हणजे मागचं पान उघडल्यासारखं झालं की," म्हणायचे. नांदेडच्या स्टँडवर ते गाडीच्या दारापाशी उभे राहून चढणारी माणसं न्याहाळायचे. कुणाच्या हातात काय सामान, कोण कुणाशी काय बोलतंय, शाळेची पोरं आहेत का, यावरून गाडी कंधारची आहे की नाही हे ठरवायचे आणि चढायचे. कंडक्टर तिकीट विचारी तेव्हा त्यांना खरं काय ते कळे. दहातली आठ वेळा बरोबर यायचं. उरलेल्या दोन वेळा काकू ताट झाकून ठेवायच्या आणि शेजारणीला सांगायच्या, "आज गणित चुकलेलं दिसून राहिलंय."

मी रुजू झाले त्याच वर्षी नांदेडच्या रद्दीच्या दुकानात सरांना ते पुस्तक सापडलं. जाडजूड, जुनं, गणितांचं. कुठल्या भाषेतलं ते दुकानदाराला ठाऊक नव्हतं, सरांनाही नाही. अक्षरं इंग्रजीसारखी, पण काहींच्या डोक्यावर बारीक टोप्या घातलेल्या. सर ते पुस्तक छातीशी धरून स्टाफरूममध्ये आले तेव्हा आम्हाला वाटलं, प्रमोशन मिळालं.

"आकडे तर आपलेच हायत की!" ते म्हणाले. "भाषा येत न्हाई म्हणून गणित थोडंच अडतंय?"

आणि खरोखर अडलं नाही. त्या माणसानं एक शब्द समजत नसताना आकडे, चित्रं आणि चिन्हं बघून पुस्तकातली गणितं सोडवायला घेतली. मधल्या सुट्टीत, ऑफ तासाला, परीक्षेच्या सुपरव्हिजनला. एकदा मुख्याध्यापकांच्या सासऱ्यांच्या तेराव्याला पंगतीत बसून पत्रावळीच्या कडेला. चार-पाच महिन्यांत दोनशेच्या वर गणितं काढली. मग आलं तीन कोठारांचं गणित.

शेजारी चित्र होतं, तीन कोठारं आणि पोत्यांच्या थप्प्या. पहिल्यातून दुसऱ्यात इतकी पोती नेली, दुसऱ्यातून तिसऱ्यात तितकी नेली, शेवटी सगळीकडं सारखी झाली. सरांनी ते चहा निवायच्या आत सोडवलं. पण पोत्यांच्या आकड्यापुढं दर वेळी एकच शब्द येत होता. चार अक्षरांचा, पहिल्याच्या डोक्यावर टोपी. झितो. त्या टोपीचा उच्चार आपल्या 'झिम्म्या'तल्या झ सारखा, हे नंतर कळलं. पोत्यांत जे काही होतं, त्याचं ते नाव.

"पोती किती ते निघालं," सर मला म्हणाले. चेहरा अगदी पडलेला. "पोत्यात काय ते निघंना."

मी म्हटलं, "सर, आणा इकडं, नेटवर बघते. एक मिनिट."

सरांनी माझ्या हातातला मोबाईल घेतला, पालथा केला आणि त्यावर स्वतःचा चहाचा कप ठेवला. "खबरदार! माणसाला इचारलेलं चालतं. ती दिलेली माहिती. मागचं पान बघायचं न्हाई."

अकरा वर्षं. अकरा वर्षं तो शब्द आमच्या स्टाफरूममध्ये खुर्ची टाकून बसला होता. काकू तर म्हणायच्या, सवत आणली असती तर निदान भाकरी तरी थापली असती.

सगळ्यात आधी सरांनी ठरवलं की झितो म्हणजे ज्वारी. का? तर पोत्यांत दुसरं काय असणार! पाच वर्षं ते या मतावर ठाम होते. मग आमच्या शाळेचा बालाजी बारावी झाला, लातूरला दोन वर्षं क्लास करूनही मेडिकलचा नंबर लागला नाही, म्हणून रशियात डॉक्टरकी शिकायला गेला. सरांना केवढा आनंद! पोरगं डॉक्टर होणार याचा होताच, पण टोपीवाल्या भाषांच्या गावात आपला माणूस बसला याचा जास्त. व्हिडिओ कॉल माझ्या मोबाईलवरून. पलीकडं बालाजी दोन स्वेटर घालून, मागं खिडकीत ढीगभर बर्फ.

"बालाजी, जेवलास का? झितो म्हणजे ज्वारीच न्हवं?"

"सर, इथं बर्फात ज्वारी कशी येईल?"

"असं म्हन्तोस? मग इचार. तुझ्या घरमालकिणीला इचार."

बालाजीची घरमालकीण उत्तरेकडची म्हातारी होती. ती म्हणाली, आमच्या गावाकडं झितो म्हणजे जव. सरांनी टेबलावर मूठ आपटली. जव आणि झितो, ज आणि झ, लागलं की उत्तर! त्या दिवशी अख्ख्या स्टाफला भजी. पण आठच दिवसांत बालाजीचा पुन्हा फोन. लातूरच्या क्लासमधला त्याचा एक मित्र पोलंडला शिकत होता, तो म्हणे, छे, इथं झितो म्हणजे राय, थंडीतलं काळपट धान्य, त्याची पण रोटी करतात. दुसरा मित्र सर्बियात. त्याच्याकडं झितो म्हणजे चक्क गहू.

भज्यांवर पाणी! सर खुर्चीत मागं रेलले. शब्द एक, धान्यं तीन. आणि बालाजीनं आणखी एक सांगितलं होतं: या सगळ्या भाषा म्हणजे चुलत बहिणी, त्यांची एकच आजी होती, आदिस्लाव्ह नावाची, आणि हा शब्द त्या आजीचा. आजीनं काही लिहून ठेवलेलं नाही. तिच्या काळी ती माणसं लिहीतच नव्हती.

"आजी काय खायची मग?" सर म्हणाले. "जव, गहू का ती राय? तिन्ही घरी तीन भांडी गेली, पण आजीच्या भांड्यात काय होतं?"

मला खरं सांगायचं तर त्या वेळी हसू यायचं. कंधारमध्ये बसून, फळ्यावर त्रैराशिक शिकवणारा माणूस, हजारो वर्षांपूर्वी कुठल्या थंडीच्या मुलखातल्या म्हातारीच्या भांड्यात काय होतं याच्यासाठी अन्नपाणी सोडतोय. पण हसता हसता एक दिवस मीही भाकरी मोडताना विचार करत बसले की खरंच, काय असेल? असा हा माणूस. वेड लावायचा.

आणि मग गेल्या वर्षी थंडीत, सर रिटायर व्हायला चार-पाच महिने उरले असताना, त्यांची एसटी चुकली.

झालं असं की नांदेडहून परत येताना त्यांनी नेहमीसारखी माणसं न्याहाळली. डोक्यावर टोपल्या, हातात पिशव्या, दोन बाया जत्रेतल्या बांगड्यांबद्दल बोलत होत्या. सरांनी हिशेब केला, कंधार. चढले, खिडकीशी बसले, झोपले. कंडक्टरनं त्यांना ओळखलं होतं, त्यानं मुद्दाम तिकीट शेवटी मागितलं. जागे झाले तर मुखेड! आठवडी बाजाराचा दिवस. परतीची गाडी दोन तासांनी.

दुसरा एखादा चिडला असता. सर बाजारात शिरले आणि ज्याला त्याला एकच विचारत सुटले, "का हो, धान्य म्हणलं की तुमच्या डोळ्यापुढं काय येतं?" देगलूरच्या पलीकडून आलेला एक तेलुगू बोलणारा गडी म्हणाला, तांदूळ, दुसरं काय? तहसीलमधला एक क्लार्क पिशवी सांभाळत म्हणाला, गहू. मेथीच्या जुड्या घेऊन बसलेली एक म्हातारी म्हणाली, ज्वारी. सर तिथंच मेथीपुढं उकिडवे बसले. शब्द एक, धान्यं तीन! मुखेडच्या बाजारात!

"आन सोयाबीन?" त्यांनी म्हातारीला विचारलं. "रानात तर सगळं सोयाबीनच दिसून राहिलंय की."

म्हातारी खवळली. "सोयाबीन व्हय धान्य? ते इकायचं. ज्याच्यावर जीव जगतो ते धान्य. मास्तर हाव न्हवं तुमी? एवढं शिकून इतकं बी ठावं न्हाई?"

सरांनी तिच्या सगळ्या जुड्या घेतल्या. त्या दिवशी तिन्हीसांजेला ते माझ्या दारात उभे राहिले ते दोन्ही काखांत मेथी, केस विस्कटलेले, डोळे नुसते लुकलुक. "पोरी, बालाजीला लाव! लाव आधी!"

बालाजी लेक्चरमध्ये होता, बाहेर पळत आला. सर ओरडले, "बालाजी, ते लोक जगण्याला काय म्हन्तात? जिवंत ऱ्हाणं, जगणं?"

"जगणं? झित्, सर."

"काय?"

"झित्. कामून सर?"

माझ्या अंगणात सरांनी जी गिरकी घेतली ती शेजारच्या तीन घरांनी बघितली. मेथी उडाली. "जीव! झित्! झितो!" ते म्हणत होते. "अगं, ते धान्याचं नावच न्हाई! आजी जे खाऊन जगायची ते झितो! पोरी गेल्या लांब लांब, जिथं जे पिकलं त्याच्यावर जगल्या, त्याला झितो म्हणल्या! आपला जीव आन त्यांचा झितो एकाच घरचा गं!" मग एकदम थांबले. डोळे पुसले. म्हणाले, "निरोप समारंभाला हेच सांगणार. दुसरं काही न्हाई. एखादा भाषेचा जाणकार माणूस बोलव. त्याच्यापुढं मांडतो."

समारंभाची तारीख ठरल्यावर मी बोलावला. नांदेडचे भाषेचे एक प्राध्यापक. नावाजलेले. भर सभेत वक्त्याला मधेच उभं राहून चूक दाखवायची त्यांची ख्याती. त्यांनी लगेच होकार दिला आणि मी खुशीत सरांना कळवलं.

त्याच्यानंतरच्या रविवारी दुपारी मी भांडी आवरून बसले होते. मोबाईल समोर. कप कुणी ठेवला नव्हता त्यावर. मला राहवलं नाही. टाकला तो शब्द, टोपीसकट.

दोन मिनिटं. दोन मिनिटांत सगळं समोर. आदिस्लाव्ह शब्द, मूळ 'जगणे', खाली संस्कृत 'जीव' हे नातेवाईक म्हणून बसलेलं. आणि हे सगळं शंभराच्या वर वर्षांपूर्वीच विद्वानांनी कोशांत छापून मोकळं केलेलं. मी मोबाईल पालथा घातला. अकरा वर्षं! माणसानं अकरा वर्षं घालवून जे शोधलं ते कुणाही रिकामटेकड्याला दोन मिनिटांत मिळतं. आणि आता तो माणूस नवा कोट घालून, सगळ्या गावापुढं, 'माझा शोध' म्हणून ते सांगणार. शेजारी कोण? तो फाडून खाणारा प्राध्यापक. त्याला तर हे तोंडपाठ असणार. आणि त्याला बोलावलं कुणी? मीच, मूर्ख!

सांगायलाच हवं होतं. समारंभाला पंधरा दिवस होते. दुसऱ्याच दिवशी सरांच्या घरी गेले तर काकू नव्या कोटाला इस्त्री करत बसलेल्या. "आयुष्यात पैल्यांदा स्वतःच्या मनानं कोट शिवला बघा," म्हणाल्या आणि इस्त्री बाजूला ठेवून त्यांनी कोटाच्या खिशावरून हात फिरवला. मी चहा पिऊन परत आले. मग एकदा स्टाफरूममध्ये गाठलं. "सर, ते झितोचं जरा..." एवढं म्हटलं तर त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली. "आता काही नको सांगू. मांडणी झाली, सगळं डोक्यात बसलंय." मग चिठ्ठी लिहिली, फाडली. मग काकूंनाच सांगू म्हटलं, तर काकू म्हणाल्या, "अवं, झोपेत बी हसून राहिलेत." पुन्हा चहा पिऊन परत. भित्री तर भित्री. पंधरा दिवस गेले.

समारंभाच्या दिवशी शाळेच्या पटांगणात मांडव. जुनी पोरं कुठून कुठून आलेली, मुरुडहून एक तर सहकुटुंब. माईकचं हॅलो-हॅलो, शाल-श्रीफळ, हारांचा ढीग. प्राध्यापक आले, कडक इस्त्री, कडक चेहरा. मुख्याध्यापक बोलत होते. मांडवामागं, पाण्याच्या टाकीपाशी, सर एकटेच येरझाऱ्या घालत होते. कोट दंडाला घट्ट होत होता. त्यांच्या ओठांची हालचाल चाललेली. मी गेले आणि एका दमात बोलून टाकलं.

"सर, रागावू नका. मी नेटवर बघितलं. ते आधीच शोधलेलं आहे. शंभराच्या वर वर्षं झाली. कोशात छापलंय. तुमच्याआधी."

सर थांबले. चष्मा काढला. कोटाच्या टोकानं पुसला. मला रडू यायला लागलं. माईकवर मुख्याध्यापक त्यांची बिनदांडीची सेवा सांगत होते.

"छापलंय?" सर म्हणाले.

"हो."

"शंभर वर्षं?"

"जास्तच."

"आन उत्तर काय दिलंय?"

"तेच, सर. जगणं. आपला जीव आणि त्यांचा झितो एकाच घरचे. तुम्ही म्हणाला तेच."

"त्येच?"

"शब्दाला शब्द. त्याच्यापुढं फुली... म्हणजे एक तारा काढलाय."

"तारा? अवघड गणिताला आसतो तसा?"

"तसाच दिसतो. पण त्याचा अर्थ, हा शब्द कुठंच लिहिलेला सापडत नाही. विद्वानांनी तो ताडून काढलाय. चुलत बहिणींवरून आजी."

सरांच्या चेहऱ्यावर काय झालं ते कसं सांगू? आधी भुवया वर गेल्या, मग मिशी थरथरली, आणि मग ते असे ओरडले की पाण्याच्या टाकीवरची कबुतरं उडाली. "जुळलं! अगं, जुळलं! म्हणजे त्यांच्याकडं बी मागचं पान न्हवतं! त्यांनी बी काढलं, आपण बी काढलं, आन जुळलं!" त्यांनी माझे दोन्ही हात धरून मला गरागरा फिरवलं. चाळिशी उलटलेली बाई मी, नेसूची पैठणी, आणि फुगडी खेळतेय रिटायर होणाऱ्या माणसाशी, टाकीपाशी, चिखलात!

त्याच भरात ते स्टेजवर गेले. भाषण लिहून आणलेलं होतं ते विसरले. पोरं वर्षाच्या शेवटी ओरडायची तसं माईकवर ओरडले, "जुळलं!" मग सगळं सांगितलं. रद्दीतलं पुस्तक, तीन कोठारं, जव, राय, गहू, चुकलेली गाडी. शोध वगैरे एकदाही म्हणाले नाहीत. "मोठमोठ्या विद्वानांनी हे गणित शंभर वर्षांमागं सोडवलंय, मला आज कळलं. माझं उत्तर त्यांच्याशी जुळलं. गणिताच्या मास्तरला अजून काय पायजे?"

प्राध्यापक उठले. त्यांनी माईक ओढून विचारलं, "आपण संदर्भ कोणता वापरलात?"

"मुखेडची म्हातारी," सर म्हणाले. "मेथीवाली."

मांडवात हशा. प्राध्यापक हसले नाहीत. मग म्हणाले, "मी हे विद्यार्थिदशेत वाचलं होतं. पाच ओळी. परीक्षेपुरत्या पाठ केल्या आणि विसरलो. आज आठवलं." आणि त्यांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून सरांच्या गळ्यात घातला. काकू पहिल्या रांगेत बसून पदरानं नाक पुसत होत्या.

गर्दी पांगल्यावर सरांनी मला खूण केली. "तू नेटवर कधी बघितलंस?"

मी मान खाली घातली. "पंधरा दिवस झाले, सर. सांगायचं धाडस झालं नाही. माफ करा."

"पंधरा दिवस?" सर एकदम जवळ आले. "पंधरा दिवस तुला माहिती होतं? आन तू कुणाला बोलली न्हाईस?"

"नाही सर."

"उत्तर निघाल्यावरच पान परत दिलंस?" सर म्हणाले. "शाब्बास, पोरी. तीस वर्षं कुणाच्या हाती द्यावं ते कळंना."

आणि त्यांनी माझ्याकडं पाठ केली. कोट वर केला, शर्ट वर केला, जरा झटापट झाली, नवा कोट काखेत उसवल्याचा आवाज आला. वळले तेव्हा हातात किल्ली होती. कोमट.

ती पेटी आता माझ्या टेबलाखाली आहे. मराठीच्या बाईच्या टेबलाखाली गणिताची उत्तरं, हसू देत सगळ्यांना. उघडली त्या दिवशी तळाशी, पिवळी पडलेली, चार पानं सापडली. वर सरांच्या अक्षरात माझं नाव, आठवी अ. हौदाचं उत्तर त्यात आहे.

मी ती पालथी ठेवली आहेत. आज वही-पेन्सिल घेऊन बसले आहे. एक नळ भरतो, दुसरा रिकामा करतो. घाई कुणाला हाय?